सर्व्हर सुरू करणे, ओळखणे आणि थांबवणे: पीआयडी फाइल वापरणाऱ्या नवशिक्यांसाठी

समजा, इंदुरात राजेंद्रनगरातल्या एखाद्या मराठी वाचनालयाने आपली पुस्तकसूची एका जुन्या संगणकावर ठेवली आहे. संगणकावर उबुंटू लिनक्स आहे, सूची दाखवणारा प्रोग्राम पायथनमध्ये लिहिलेला आहे आणि तो ८००० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे जोडणीसाठीच्या क्रमांकित दारावर, सर्व्हर म्हणून चालतो. देखभालीला दोघे-तिघे स्वयंसेवक आहेत. एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी, दुसरा सुपर कॉरिडॉरवरच्या कंपनीतून संध्याकाळी येणारा. गणेशोत्सवाच्या आधी स्पर्धांची नावनोंदणीही याच सर्व्हरवर सुरू होते, आणि मग रोज कोणी ना कोणी विचारते की सर्व्हर चालू आहे का, आणि चालू असेल तर तो थांबवून नवी आवृत्ती कशी चढवायची. या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या छोट्या फाइलीवर अवलंबून असतात, ती पीआयडी फाइल, म्हणजे चालू सर्व्हरचा क्रमांक लिहिलेली फाइल, कशी तयार करावी, कशी वाचावी आणि तिच्यावर कितपत विसंबावे, हे पुढे क्रमाने सांगितले आहे. लेखातल्या कमांड उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीच्या रोमन अक्षरांत आणि अंकांत टाइप कराव्यात.

क्रमांक कोणाचा असतो

प्रत्येक प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामला, युनिक्सचा कर्नल (प्रणालीचा गाभा) एक क्रमांक देतो. त्यालाच पीआयडी म्हणतात. संगणक सुरू होताना सर्वांत आधी उभ्या राहणाऱ्या प्रोसेसचा क्रमांक १ असतो, आणि आजच्या बहुतेक लिनक्स वितरणांत ती प्रोसेस म्हणजे सिस्टिमडी, बाकीच्या सेवा सुरू करणारा आणि सांभाळणारा प्रोग्राम. पुढचे क्रमांक चढत्या क्रमाने वाटले जातात, आणि मर्यादा गाठली की मोजणी पुन्हा खालून सुरू होऊन मधल्या काळात मोकळे झालेले क्रमांक नव्या प्रोसेसना मिळू लागतात. लिनक्सवर ही मर्यादा दीर्घकाळ ३२,७६८ होती. ६४ बिटांच्या यंत्रांवर ती ४१,९४,३०४ पर्यंत नेता येते आणि सिस्टिमडीच्या नव्या आवृत्त्या ती तेवढी नेतातही. फ्रीबीएसडीवर सर्वांत मोठा पीआयडी ९९,९९९ असतो. आपल्या लिनक्स यंत्रावरची मर्यादा '/प्रॉक/सिस/कर्नल/पीआयडी_मॅक्स' या फाइलीत वाचायला मिळते.

या आकड्यांपेक्षा महत्त्वाचे हे की क्रमांक कोणत्याही प्रोसेसच्या कायमच्या मालकीचा नसतो. इंदूर–पुणे गाडीत ३२ क्रमांकाच्या बर्थवर काल जे गृहस्थ झोपले होते ते आज तिथे असतीलच असे नाही. बर्थ तोच राहतो, प्रवासी बदलतो. पीआयडी फाइलीत आपण बर्थचा क्रमांक लिहून ठेवतो, प्रवाशाचे नाव नाही. तिच्यातला आकडा हा 'फाइल लिहिली त्या क्षणी या क्रमांकावर माझा सर्व्हर होता' एवढाच दावा असतो, आणि त्यावर कृती करण्याआधी तो दरवेळी पडताळावा लागतो. पीआयडी फाइलींमुळे होणारे बहुतेक घोटाळे ही पडताळणी गाळल्यामुळेच होतात.

फाइल कुठे ठेवावी आणि तिच्यात काय लिहावे

जुन्या पद्धतीनुसार अशा फाइली '/व्हार/रन' मध्ये ठेवत. फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्डच्या २०१५ साली आलेल्या ३.० आवृत्तीने त्यासाठी '/रन' ही डिरेक्टरी मान्य केली, आणि आजच्या लिनक्सवर '/व्हार/रन' हा बहुधा तिच्याकडे नेणारा दुवाच असतो. त्याच दस्तऐवजात फाइलीचे स्वरूपही ठरवून दिले आहे: दशमान अंकांत लिहिलेला पीआयडी आणि त्यानंतर नवी ओळ, बस्स. ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉन या प्रोग्रामचा क्रमांक २५ असेल तर त्याच्या फाइलीत तीनच अक्षरे असतात, दोन, पाच आणि ओळ संपल्याची खूण.

'/रन' चा खरा फायदा असा की तिच्यातला मजकूर मेमरीत राहतो आणि संगणक बंद होताच नाहीसा होतो. पावसाळ्यात वीज गेली आणि यंत्र अचानक बंद पडले, तर डिस्कवर ठेवलेली पीआयडी फाइल मागे उरते. पुन्हा सुरू होताना बहुतेक प्रोसेस जवळजवळ त्याच क्रमाने उभ्या राहतात, त्यामुळे त्या जुन्या क्रमांकावर दुसरेच कोणीतरी बसलेले असण्याची शक्यता चांगलीच असते. '/रन' मध्ये ही पंचाईत उद्भवत नाही.

अडचण एवढीच की '/रन' मध्ये थेट लिहिण्याचा अधिकार फक्त रूटला, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याला असतो. म्हणून प्रत्येक वेळी यंत्र सुरू होताना रूटकडून '/रन/सूची' अशी उपडिरेक्टरी तयार करून घ्यावी आणि ती 'सूची' नावाच्या, केवळ या कामासाठी निर्माण केलेल्या वापरकर्त्याच्या मालकीची करावी. '/रन/युझर' खालची आपल्या लॉगिनची डिरेक्टरी वापरण्याचा मोह होतो, पण ती आपण लॉगआउट केल्यावर सर्वसाधारणपणे पुसली जाते, आणि सर्व्हरने तर आपण घरी गेल्यानंतरही चालू राहायचे असते.

सुरू करणे आणि योग्य क्रमांक पकडणे

शेलमध्ये, म्हणजे टर्मिनलवरच्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, एखादी कमांड '&' लावून मागे सोडली की तिचा पीआयडी '$!' या चलात मिळतो. म्हणून सर्वांत साधी सुरुवात अशी:

नोहप पायथन३ सूची.पीवाय >> सूची.लॉग २>&१ < /डेव्ह/नल &
इको $! > /रन/सूची/सूची.पीआयडी

पहिल्या ओळीतल्या 'नोहप' मुळे टर्मिनल बंद झाल्यावर येणारा हँगअप सिग्नल (सिग्नल म्हणजे प्रोसेसला दिलेला छोटा इशारा) दुर्लक्षिला जातो, आणि पुढच्या चिन्हांमुळे प्रोग्रामचे सगळे बोलणे लॉग फाइलीत जाते. दुसरी ओळ पहिलीच्या लगेच नंतर यावी. मध्ये दुसरी कोणतीही कमांड मागे सोडली तर '$!' बदलतो.

नवशिक्यांची सर्वाधिक फसगत इथेच होते, कारण '$!' मध्ये येणारा क्रमांक नेहमी सर्व्हरचाच असतो असे नाही. लॉग पडद्यावरही दिसावा म्हणून कोणी 'पायथन३ सूची.पीवाय | टी सूची.लॉग &' असे लिहिले, तर '$!' मध्ये पाइपच्या, म्हणजे '|' ने जोडलेल्या साखळीच्या, शेवटच्या कमांडचा, इथे मजकूर फाइलीत आणि पडद्यावर दोन्हीकडे पाठवणाऱ्या 'टी' चा क्रमांक येतो, आणि पुढे तो थांबवून सर्व्हर थांबला असे आपण समजतो. रूटच्या अधिकाराने कमांड चालवणारा 'सूडो' लावून सर्व्हर मागे सोडला तर मिळणारा क्रमांक सूडोचा असतो. याउलट 'नोहप' आणि 'एन्व्ह' या कमांड स्वतःची जागा पुढच्या प्रोग्रामला देऊन टाकतात, म्हणून त्यांच्यामुळे क्रमांक बदलत नाही. सर्व्हर सुरू करण्यापूर्वी बरीच तयारी करणारी वेगळी शेल स्क्रिप्ट असेल, तर तिच्या शेवटच्या ओळीत प्रोग्रामच्या नावाआधी 'एक्झेक' लिहावे. त्यामुळे शेलच्या जागी तोच क्रमांक घेऊन सर्व्हर उभा राहतो आणि फाइलीतला आकडा खरा ठरतो.

काही प्रोग्राम सुरू झाल्यावर स्वतःच मागे जातात: मूळ प्रोसेस एक अपत्य प्रोसेस निर्माण करून संपते आणि खरे काम अपत्य करते. अशा वेळी '$!' मधला क्रमांक क्षणातच निरर्थक होतो. एनजिनएक्स आणि अपाची हे वेब सर्व्हर या पद्धतीने चालू शकतात, पण ते आपली पीआयडी फाइल स्वतः लिहितात, आणि ती कुठे लिहावी हे त्यांच्या कॉन्फिगरेशनमध्ये ठरवता येते. ज्या प्रोग्रामला अशी सोय आहे त्याला ती वापरू द्यावी. बाहेरून क्रमांक हुडकत बसू नये.

जिवंत आहे का, आणि तोच आहे का

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यासाठी सिग्नल पाठवणाऱ्या 'किल' या कमांडला शून्य क्रमांकाचा सिग्नल द्यावा:

किल -० "$(कॅट /रन/सूची/सूची.पीआयडी)"

यात प्रत्यक्षात कोणताही सिग्नल जात नाही. अशी प्रोसेस आहे का आणि तिला सिग्नल पाठवण्याचा आपल्याला अधिकार आहे का, एवढेच कर्नल तपासतो. कमांड यशस्वी झाली तर प्रोसेस आहे. अयशस्वी झाली तर मात्र दोन शक्यता असतात, आणि संदेश वाचल्याशिवाय त्या वेगळ्या करता येत नाहीत. 'नो सच प्रोसेस' म्हणजे तिथे कोणी नाही. 'ऑपरेशन नॉट परमिटेड' म्हणजे प्रोसेस आहे, फक्त ती दुसऱ्या वापरकर्त्याची आहे. सर्व्हर 'सूची' या वापरकर्त्याच्या नावावर चालू असताना एखाद्या स्वयंसेवकाने स्वतःच्या लॉगिनमधून ही तपासणी केली, तर हाच दुसरा संदेश येईल. अपयश म्हणजे सर्व्हर मेला असे मानणारी स्क्रिप्ट अशा वेळी धडधाकट सर्व्हरची पीआयडी फाइल उडवून दुसरी प्रत सुरू करायला निघते. तपासणी सर्व्हर ज्या वापरकर्त्याचा आहे त्याच्याच नावावर करणे हा यावरचा साधा इलाज. शिवाय, संपलेली पण जिची नोंद पालक प्रोसेसने अजून काढून घेतलेली नाही अशी झोंबी प्रोसेसही या परीक्षेत जिवंतच ठरते, हे लक्षात असू द्यावे.

दुसऱ्या प्रश्नासाठी, म्हणजे त्या क्रमांकावर आपलाच सर्व्हर आहे का हे पाहण्यासाठी, पुढील कमांड पुरेशी आहे:

पीएस -पी "$(कॅट /रन/सूची/सूची.पीआयडी)" -ओ युझर,एलस्टार्ट,आर्ग्स

वापरकर्ता, सुरू झाल्याची वेळ आणि संपूर्ण कमांड, अशा तीन गोष्टी यातून दिसतात. 'आर्ग्स' मध्ये केवळ 'पायथन३' दिसून भागत नाही, कारण त्याच यंत्रावर दुसराही पायथन प्रोग्राम असू शकतो; पुढे 'सूची.पीवाय' दिसलेच पाहिजे. वेळेचा उपयोग फारसे कोणी करत नाही, पण तो मोठा आहे. 'एलएस -एल' ने पीआयडी फाइल केव्हा लिहिली गेली ते पाहावे. प्रोसेस फाइलीच्या थोडी आधी सुरू झालेली असायला हवी; ती फाइलीच्या नंतर सुरू झालेली दिसली, तर नाव कितीही जुळत असले तरी ती आपली प्रोसेस नव्हे. घड्याळ मध्येच बदलले असेल तर ही कसोटी डळमळते, परंतु एरवी ती चांगली चालते.

क्रमांक 'किल' च्या हाती देण्याआधी तो खरोखर धन पूर्णांक आहे याचीही खात्री करावी. डिस्क भरल्यामुळे फाइल रिकामी राहिली असेल तर कमांड नुसती तक्रार करून थांबते, पण फाइलीत ० असेल तर 'किल' त्याचा अर्थ 'माझ्या गटातल्या सगळ्या प्रोसेस' असा घेतो. आणि -१ चा अर्थ ज्यांना सिग्नल पाठवण्याचा अधिकार आहे अशा जवळजवळ सगळ्याच. रूट म्हणून ही चूक झाली तर यंत्रावर फारसे काही उरत नाही. याच कारणाने, ज्या फाइलीत कोणीही लिहू शकतो अशी पीआयडी फाइल रूटच्या स्क्रिप्टने कधीही वाचू नये. लिहिणारा त्यात आपल्याला हवा तो क्रमांक घालून रूटकरवी दुसऱ्याची प्रोसेस मारवू शकतो.

एकाहून अधिक ओळी असलेल्या फाइलींचे उदाहरण पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस देतो. त्याच्या डेटा डिरेक्टरीतल्या 'पोस्टमास्टर.पीआयडी' या फाइलीत पहिल्या ओळीत पीआयडी असतो, त्यापुढे डेटा डिरेक्टरीचा पत्ता, सुरू झाल्याची वेळ आणि पोर्टचा क्रमांक अशा नोंदी असतात. ही संपूर्ण फाइल अवतरणचिन्हांशिवाय 'किल' पुढे टाकली तर ५४३२ हा पोर्टचा क्रमांकही पीआयडी म्हणून घेतला जातो, आणि त्या क्रमांकाची एखादी निरपराध प्रोसेस असलीच तर ती बळी पडते. म्हणून नेहमी 'हेड -एन १' ने पहिलीच ओळ घ्यावी. चालू असलेल्या पोस्टग्रेएसक्यूएलची ही फाइल हाताने पुसणे तर पूर्णपणे वर्ज्य समजावे.

थांबवणे

पडताळणी झाली की प्रथम टर्म, म्हणजे १५ क्रमांकाचा सिग्नल पाठवावा. 'किल' ला सिग्नल सांगितला नाही तर तो हाच पाठवतो. सिग्नल गेला म्हणजे सर्व्हर थांबला असे नाही: हातातली मागणी पूर्ण करून, डेटाबेसची जोडणी सोडून तो थांबेल, आणि त्याला काही सेकंद लागतील. तेव्हा स्क्रिप्टमध्ये दर सेकंदाला 'किल -०' ने विचारत ३० सेकंदांपर्यंत वाट पाहावी, आणि प्रोसेस खरोखर गेल्यावरच पीआयडी फाइल पुसावी. फाइल आधी पुसून सिग्नल नंतर पाठवणे हे उलटे काम आहे, कारण सर्व्हर हट्टाने चालूच राहिला तर त्याच्याकडे जाण्याची खूणच हरवते.

पायथनमध्ये लिहिलेल्या सर्व्हरबाबत एक विशेष सूचना द्यावीशी वाटते. टर्म सिग्नलसाठी पायथन स्वतःहून काहीही व्यवस्था करत नाही. प्रोग्राममध्ये त्याची सोय केलेली नसेल तर प्रोसेस तिथल्या तिथे संपते आणि 'फायनली' खालची आवराआवर होत नाही. नावनोंदणीचा अर्ज अर्धवट लिहिला जाऊ नये असे वाटत असेल तर 'सिग्नल' मॉड्यूल वापरून ही व्यवस्था प्रोग्राममध्येच करून घ्यावी.

९ क्रमांकाचा किल सिग्नल शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवावा. तो प्रोसेसला कळतच नाही, तिला आवरायला वेळ मिळत नाही, तिने स्वतः लिहिलेली पीआयडी फाइल मागे राहते, आणि तिच्या अपत्य प्रोसेस अनाथ होऊन पोर्ट अडवून बसू शकतात. मग नवी प्रत सुरू करताना 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' असा संदेश येतो आणि माणूस पीआयडी फाइलीतच दोष शोधत राहतो. अशा वेळी 'एसएस -एलटीएनपी' या कमांडने पोर्ट कोणाच्या ताब्यात आहे ते पाहावे. दुसऱ्याच्या प्रोसेसची नावे दिसण्यासाठी ती रूट म्हणून चालवावी लागते. डिस्क किंवा नेटवर्कची वाट पाहत कर्नलमध्येच अडकलेली प्रोसेस तर ९ नेही लगेच मरत नाही. 'पीएस' मध्ये तिच्यापुढे 'डी' हे अक्षर दिसते, आणि तिथे पुन्हा पुन्हा सिग्नल पाठवून काही साधत नाही.

थांबवण्याखेरीजही सिग्नलांचे उपयोग आहेत. एनजिनएक्सला हँगअप सिग्नल दिला की तो कॉन्फिगरेशन नव्याने वाचतो, क्विट दिला की चालू मागण्या पुऱ्या करून थांबतो, आणि यूएसआर१ दिला की लॉग फाइली पुन्हा उघडतो. पण अपाचीत यूएसआर१ चा अर्थ चालू मागण्या न तोडता पुन्हा सुरू होणे असा आहे. म्हणजे हे संकेत सर्वांना समान नाहीत, आणि ज्या प्रोग्रामने हँगअपची व्यवस्था केलेली नाही तो त्या सिग्नलने एरवी सरळ मरतो. दस्तऐवज वाचल्याशिवाय प्रयोग करू नयेत.

दोघांनी एकदमच सुरू केले तर

फाइल नाही असे पाहून सर्व्हर सुरू करणे आणि मग फाइल लिहिणे, या दोन कृतींच्या मध्ये दुसऱ्या स्वयंसेवकानेही तेच केले तर दोन प्रती उभ्या राहतात. यावर कुलूप हाच योग्य उपाय आहे. वरच्या कमांडमध्ये 'पायथन३' च्या आधी 'फ्लॉक -एन -एफ /रन/सूची/सूची.लॉक' असे लिहिले की एकाच वेळी एकच प्रत चालते. 'एन' मुळे दुसरी प्रत वाट न पाहता परत फिरते, आणि 'एफ' मुळे फ्लॉक स्वतः मध्ये न राहता आपली जागा पायथनला देतो, म्हणून '$!' मधला क्रमांक बरोबर राहतो. या कुलपाचे मोल असे की प्रोसेस कशीही मेली तरी कर्नल ते आपोआप उघडतो. मात्र कुलुपाची फाइल पीआयडी फाइलीहून वेगळी ठेवावी आणि ती कधी पुसू नये.

हे काम सिस्टिमडीवर सोपवणे

इथवरची पद्धत ज्या यंत्रावर आपल्याला रूटचे अधिकार नाहीत तिथे, किंवा जुन्या युनिक्सवर उपयोगी आहे, आणि ती कळल्याशिवाय दुसऱ्यांच्या स्क्रिप्ट दुरुस्त करता येत नाहीत. परंतु वाचनालयाच्या त्या उबुंटू संगणकावर माझी शिफारस पीआयडी फाइल न ठेवण्याची आहे. सिस्टिमडी सर्व्हरला स्वतः जन्म देतो, त्याच्या सगळ्या अपत्य प्रोसेस एका गटात बांधून ठेवतो आणि तो मेला की त्याला तत्काळ कळते. त्यामुळे क्रमांक जपून ठेवण्याची गरजच उरत नाही. '/इटीसी/सिस्टिमडी/सिस्टम' मध्ये 'सूची.सर्व्हिस' नावाची फाइल करून तिच्या सर्व्हिस विभागात वापरकर्त्याचे नाव, 'एक्झेकस्टार्ट' पुढे पायथन आणि प्रोग्राम या दोन्हींचे संपूर्ण पत्ते, आणि 'रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर' एवढे लिहिले की भागते. इथे 'नोहप' नको आणि '&' ही नको. चालू क्रमांक कधी पाहावासा वाटलाच, तर 'सिस्टमसीटीएल शो -पी मेनपीआयडी सूची' विचारावे.

स्वतः मागे जाणाऱ्या जुन्या सर्व्हरसाठी 'टाइप=फोर्किंग' आणि 'पीआयडीफाइल=' अशी सोय आहे. ती फाइल रूटखेरीज दुसऱ्या वापरकर्त्याच्या मालकीची असेल, तर तिच्यातला क्रमांक त्याच सर्व्हिसच्या प्रोसेसचा असल्याशिवाय सिस्टिमडी तो स्वीकारत नाही, म्हणजे वर सांगितलेली पडताळणी तो स्वतःच करतो.

सिस्टिमडीकडे काम दिल्यावर जुन्या सवयी सोडाव्यात. हाताने ९ चा सिग्नल दिला तर ते अपयश मानून तो सर्व्हर पुन्हा उभा करतो, आणि टर्म दिला तर ते सुरळीत थांबणे मानून तसाच राहू देतो. म्हणून सुरू करणे, थांबवणे, पुन्हा सुरू करणे ही कामे 'सिस्टमसीटीएल' मार्फतच करावीत. ज्या दिवशी हा बदल कराल त्याच दिवशी 'क्रॉनटॅब -एल' चालवून जुनी स्क्रिप्ट रीबूटच्या ओळीत कुठे उरली नाही ना हे प्रत्येक स्वयंसेवकाच्या लॉगिनमध्ये पाहून घ्यावे, नाहीतर पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना दोन प्रती एकाच पोर्टसाठी भांडतील आणि त्यांतली कोणती जिंकेल ते सांगता येणार नाही.